भूमिगत केबलचे काम मिळालेल्या होतकरू ठेकेदारास चार समजुतीच्या गोष्टी

तारा जमिनीखाली गेल्या की शहर देखणे दिसते, विसर्जन मिरवणुकीत बांबूने तारा उचलत मूर्तीपुढे चालावे लागत नाही आणि वळवाच्या पावसात फांदी मोडून पडली तरी वीज टिकते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी अशा कोणत्याही गावात तुम्ही रस्ता उकरायला घेतलात तरी लोक तुमचे स्वागतच करतील. काम कसे करावे हे मात्र तुम्हाला कोणी सांगणार नाही. म्हणून आमच्या भागात कामे उरकून गेलेल्या तुमच्या व्यवसायबंधूंच्या निरीक्षणातून जमवलेल्या या सूचना सादर करीत आहे.

खोदण्यापूर्वी जमिनीखाली आधीच काय पुरलेले आहे, याची चौकशी करू नये. जुन्या केबलचा नकाशा मागायला गेलात, तर तो कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या कपाटात आहे हे शोधण्यातच मृग नक्षत्र लागेल, आणि केबल शोधण्याचे यंत्र आणायचे म्हणजे पुन्हा भाडे आले. त्यापेक्षा मजुराच्या हाती पहार द्यावी. पहार चालू केबलला लागली की केबल कोठे आहे, हे साऱ्या गल्लीला एकाच वेळी कळते.

केबल टाकताना खोली मोजत बसू नये. ११ केव्हीची केबल साधारण ९० सेंटिमीटर खाली असावी, तिच्या खाली-वर वाळू असावी, वाळूवर विटा किंवा फरश्या आणि त्यांच्याही वर इशाऱ्याची पट्टी असावी, असे मानकात लिहिलेले आहे. परंतु आमच्याकडे जांभा लागला की दीड फुटावरच समाधान मानण्याची रीत आहे. वाळू वाचते, विटा वाचतात. पुढे नळाच्या पाइपसाठी खणायला येणाऱ्याचा घाव थेट केबलवर बसेल हे खरे, पण तो मजूर दुसऱ्या ठेकेदाराचा असेल.

फलक तर मुळीच लावू नये. फलकावर साठ टक्के कन्नड आहे की नाही आणि मराठीला जागा उरली की नाही, यावरून जेथे मोर्चे निघतात आणि फलकांना काळे फासले जाते, तेथे उघड्या चराशेजारी कोणत्याही भाषेत काहीही न लिहिणे हा उभय पक्षांना मान्य होणारा एकमेव तोडगा आहे.

रबरी हातमोज्यांचा एकच जोड आणावा व साहेब फोटोसाठी येतील तेव्हाच तो बाहेर काढावा.

‘लाइन क्लिअर’, म्हणजे वीज बंद केली आहे, काम सुरू करा अशी परवानगी, फोनवर घ्यावा. बंद केलेल्या फीडरला, म्हणजे वीज आणणाऱ्या मुख्य वाहिनीला, दुसऱ्या टोकाकडून पुरवठा चालू आहे काय, जवळच्या मंगल कार्यालयाचा जनरेटर उलटी वीज सोडत आहे काय, असल्या शंका काढणाऱ्या जॉइंटरला, म्हणजे केबल जोडणाऱ्या कारागिराला, पुन्हा कामावर बोलावू नये. पुरवठा तोडल्यानंतरही केबलमध्ये विद्युतभार साठून राहतो, म्हणून आधी तपासावे, मग अर्थिंग करावे आणि त्यानंतरच हात लावावा, हे ज्ञान अशा माणसांपाशी असते आणि त्यात अर्धा दिवस जातो.

आता मातीविषयी, कारण खरी बचत मातीतच आहे. उपसलेली माती खड्ड्याच्या अगदी काठावर रचावी. दूर टाकायला वेगळा माणूस लागतो. खोदाईच्या नियमांत दीड मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना फळ्यांचा आधार द्यावा असे असले, तरी फळ्या स्लॅबच्या कामावर गुंतलेल्या असतात. हा प्रयोग मी गेल्या आठवड्यात बेळगावच्या टिळकवाडीत आमच्याच गल्लीत पाहिला. जॉइंटसाठी माणूसभर खोल खड्डा घेतला होता, रात्रीच्या पावसाचे पाणी तळाशी साचले होते आणि विशीही न ओलांडलेला एक पोरगा अनवाणी उभा राहून चिखलाच्या बुट्ट्या वर देत होता. काठावर त्याच मातीचा ढीग होता. कडेला चीर पडली आहे, हे मी सुपरवायझरला दाखवले. ‘एनू आगूदिल्ल बिड्री,’ म्हणजे काही होत नाही, सोडा हो, असे म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. थोड्याच वेळाने सिमेंटची पोती भरलेला टेम्पो काठाजवळून गेला आणि ती कड ढिगासकट आत बसली. पोरगा छातीपर्यंत गाडला गेला. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड असते. ती छातीवर आली की तोंड उघडे असूनही श्वास घेता येत नाही, आणि ओढून काढू म्हटले तरी माणूस निघत नाही. त्याच्या दोन सोबत्यांनी फावडे लागेल या भीतीने नखांनी माती उकरली. तो वाचला. त्याचे ओठ निळे पडले होते आणि कानांत, नाकात चिखल होता. सुपरवायझरने त्याला कट्ट्यावर बसवून चहा दिला, दवाखान्याचे नाव काढले नाही आणि संध्याकाळी त्याचा अर्धा रोज कापला. हे चालू असताना समोरच्या बंगल्यातून एक गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी विचारले, ‘लाइट कधी येणार?’

मजुराचे नाव मस्टरवर चढवू नये. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला मिळाला, तर तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करून मोकळा होईल.

उपरोध आता पुरे, कारण असे लिहिताना हात थरथरतो. तुम्हाला यातले काय ठाऊक नाही? सुरक्षेची जबाबदारी ठेकेदाराची, हे करारात लिहिलेले असते आणि त्याखाली सही तुमचीच असते. फळ्या, चार टेकू, एक शिडी, गमबूट आणि रात्री लुकलुकणारा दिवा यांना किती पैसे लागतात? कर्नाटक विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनासाठी येथल्या सुवर्ण विधानसौधाकडच्या रस्त्यावर हवे तितके बॅरिकेड एका रात्रीत उभे राहतात, आणि माणूस उतरतो त्या खड्ड्याभोवती तुम्ही झाडाची फांदी खोचता! बिलावर सही करणारे अभियंते खड्डा बुजल्यावरच कामावर येतात, म्हणजे आत काय झाले ते पाहायला नको. कलबुर्गी-रायचूरकडून किंवा झारखंडातून आलेल्या पोराला येथे रडणारे कोणी नाही, हा हिशोब तुम्ही पक्का केलेला आहे.

आणि आपण गल्लीतली सज्जन मंडळी! फाटकापुढे माती पडली म्हणून आपण दहा फोन करतो, स्कूटर कोठे लावायची यावर वाद घालतो आणि काठावरून वाकून केबल किती आत गेली तेवढे पाहतो. खाली उभ्या असलेल्या पोराच्या पायांत काय आहे, ते दिसत नाही का? उद्या काम सुरू होण्यापूर्वी त्या सुपरवायझरला फळ्या कोठे आहेत ते विचारा, आणि त्या येईपर्यंत कोणालाही आत उतरू देऊ नका. लाइट दोन तास उशिरा आली तरी चालेल.