सांगायचंय? थांबा की जरा

आपल्याला बायकाही आवडतात आणि पुरुषही, हे आईबाबांना कधी सांगावं, असा प्रश्न सोलापुरात ज्याला कुणाला पडला असेल त्याने अजिबात घाबरू नये. योग्य वेळ असते. ती नेमकी कोणती, एवढं सोडून बाकी सगळं लोक तुम्हाला समजावतील. मला मिळालेली सगळी अक्कल इथे देतोय, फुकट.

आधी दिवस बघा. नळाला पाणी येतं त्या दिवशी नको. येत नाही त्या दिवशी तर मुळीच नको.

एप्रिल-मे बाद. पारा ४३ वर असताना बाबांना 'जेवायला चला' म्हटलं तरी ते अंगावर येतात. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं, शिवाय सगळ्यांच्या डोक्यात लग्न. पांढऱ्या बाराबंद्या घालून गाव संमती कट्ट्यापाशी जमतं आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लावतं. तिचं मन त्यांच्यावर बसलं, ते पडले योगी, म्हणून तिने योगदंडाशी लग्न करावं असं ठरलं, आणि त्या पोरीचं मन राखलं गेलं म्हणून आपण शेकडो वर्षं अक्षता टाकतोय. कुणाचं लग्न कुणाशी, याबाबतीत आपलं गाव एवढं समजूतदार आहे. कट्ट्यापासून घरी येईपर्यंत तो समजूतदारपणा टिकत नाही, इतकंच. तेव्हा हाही मुहूर्त सोडा.

मग घरचं बघा. धाकटीची बारावी आहे? थांबा. आता नीटची परीक्षा आहे? थांबा. तिचं ठरतंय? आणि तुम्ही आत्ता तोंड उघडणार? लग्न तर होऊ दे पोरीचं. झालं? अहो, तिच्या सासरी कळलं तर! पुढे बाबांची रिटायरमेंट, बाबांचं बीपी, आईचे गुडघे. गुडघे बदलून होईतो तुम्हीच पन्नाशीला येता, आणि त्या वयात असलं काही सांगणं शोभतं का?

कोर्टाकडेही लक्ष असू द्या. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवलं, त्या आनंदात कुणी घरी सांगून बसला असेल तर डिसेंबर २०१३ मध्ये त्याची पंचाईत झाली. सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, म्हणजे त्यानेही स्वयंपाकघरात जाऊन 'आई, ते मी बोललो होतो ते तूर्त स्थगित' म्हणायला हवं होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच सोडवलं, म्हणजे पुन्हा सांगायचं. १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्ट म्हणालं, समलिंगी लग्नाचं आम्ही काही करू शकत नाही, ते संसदेने बघावं. संसद बघतेच आहे. तुम्हीही बघत बसा.

घरचे 'एकदा डॉक्टरांना दाखवू' म्हणाले तर जरूर जा. फक्त जो डॉक्टर 'यातून बाहेर काढतो' म्हणेल त्याला विचारा, असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच कळवलंय, तो कागद आपल्यापर्यंत आला का? आणि फी परत मागा.

कुणीच आयुष्यात नसताना सांगू नका, 'मग तुला कसं कळलं?' म्हणतील. मैत्रीण असताना सांगू नका, 'मग सगळं ठीकच आहे की.' मित्र असताना सांगू नका, 'मग सरळ गे म्हण ना.' उरलेल्या वेळात खुशाल सांगा.

आता सगळ्यात मौल्यवान सल्ला. तो माझ्या मावसभावाचा. त्याला माझं माहीत आहे. तो म्हणतो, सांगायचंच कशाला? "तुला दोन्ही चालतंय की बे! मग पोरगी बघ आणि मोकळा हो. मावशीला ताप नाही, काकांना ताप नाही." किती सोपं! आणि बोलून थांबला असता तरी चाललं असतं. मागच्या आठवड्यात स्थळच घेऊन आला. सांगोल्याचं. बापाची डाळिंबाची बाग, पोरगी एम. कॉम. फोटो आईच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. आईने फोटो देवघरात ठेवलाय.

दोन्ही चालतंय म्हणजे काय रे दादा? मी काय गाडी आहे, पेट्रोल संपलं की सीएनजीवर टाकायला? तुला बायका आवडतात, म्हणून कुठलीही बाई चालली असती का तुला? सात रस्त्यापासून डफरीन चौकापर्यंत तू कुणासाठी चकरा मारायचास ते मला ठाऊक आहे, मागच्या सीटवर मीच असायचो. वहिनी आपल्यातल्या नाहीत म्हणून मावशी म्हणाली होती, 'आपल्यात काय पोरी कमी आहेत? बघ एखादी आणि मोकळा हो.' हेच शब्द. तेव्हा तू भरलं ताट ढकललं होतंस. आणि मावशीची समजूत काढायला कोण गेलं होतं? माझी आई. तुझं ते प्रेम, आणि माझ्या बाबतीत नुसती सोय बघायची?

मी विचारलं, त्या पोरीला सांगायचं का? तर म्हणे, "लग्न झाल्यावर बघू की सावकाश." सावकाश! उद्या मला एखादी बाई आवडली तर तिला सगळं सांगून मी तिच्याशी आनंदाने लग्न करीन. पण मला गप्प बसवायला सांगोल्याची एक पोरगी आणून घरात बसवायची, आणि तिला ते कळूही द्यायचं नाही? लाज वाटायला पाहिजे. तिच्या बापासमोर बसून चहा प्यायलास ना तू?

ज्यांची फी घरून येते, घरी कळलं तर ज्यांचा मोबाइल काढून घेऊन आठवड्यात लग्न लावतील, त्यांनी थांबावं. हवं तितकं थांबावं. आधी नोकरी, राहायला जागा, अडीअडचणीला एक माणूस, मग बाकीचं. पुण्याला जाऊन सुटलेल्या मित्रांनी त्यांना 'अजून नाही सांगितलंस? हिंमत नाही?' म्हणून टोचू नये. तुमच्या बापाचं काय जातंय? मार त्यांना पडणार आहे, तुम्हाला नाही.

आणि दादा, मी तुला विश्वासाने सांगितलं, माझा कारभार तुझ्या हाती दिला नाही. आईबाबांना सांगायचं की नाही, कधी, कसं, ते मी बघीन. परस्पर एक शब्द बोललास तर आपलं नातं संपलं. सांगोल्याला फोन तू लाव, नकार तू कळव, स्थळ तू आणलंयस. आई विचारेल, 'का रे, त्याला का नको?' तेव्हा डोळे मिचकावू नकोस. 'मावशी, त्यालाच विचार' म्हण, आणि घरी जा.