हॉल सजवा, मधलं दार लावून घ्या

कमी पैशात घर सजवायचं असेल तर सगळ्यात आधी घरातली माणसं बाजूला करा. खर्च त्यांच्यामुळंच वाढतो. त्यांना टेकायला जागा लागते, पाय ताणायला जागा लागते, चार्जर खुपसायला बटण लागतं, आणि यातलं काहीही फोटोत चांगलं दिसत नाही. घर सजवायचं ते पाहुण्यांसाठी, हे एकदा मनाशी पक्कं करा. निम्मं बजेट तिथंच वाचतं, कारण पाहुणा फक्त हॉल बघतो. आतल्या खोल्यांना रंग नाही दिला, पडदे नाही लावले, तरी कुणाचं काही अडत नाही. मधलं दार तेवढं नीट लागलं पाहिजे. म्हणून पहिला खर्च सोफ्यावर नको, मधल्या दाराच्या कडीवर करा.

सांगलीकराला खरं तर हे शिकवायची गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात मराठी नाटक उभं केलं. पुढं काय दाखवायचं आणि विंगेत काय ढकलायचं, हे आपल्याला तेव्हापासून कळतं. दाराची बेल वाजली की सोफ्यावरचे वाळलेले कपडे, पोराची वह्या-पुस्तकं, शेंगा सोलायला घेतलेलं सूप आणि बनियनवरचे आजोबा, सगळं एका दमात आत गेलं पाहिजे. याची घरात दोन-चार वेळा रंगीत तालीम घ्या. आजोबा आयत्या वेळी हटून बसतात, त्यांची जास्त घ्या.

आता रंग. पेंटर घरी आला की आधी भिंत बघत नाही, तुम्हाला बघतो. मग म्हणतो, "मालक, डिस्टेंपर नको. हाताला लागतंय. लस्टर मारू, धुतलं तरी चालतंय." सांगलीत कुणी हौसेनं भिंत धुतल्याचं ऐकिवात नाही, पण 'धुतलं तरी चालतंय' म्हटलं की आपण विरघळतो. मग मोजमाप. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंची, म्हणजे चार भिंतींचे ४४० चौरस फूट. यातून दारं-खिडक्या वजा करायच्या का, असं विचारून बघा. पेंटर तुमच्याकडं दयेनं बघतो. "खिडकीच्या कडंलाच जास्त हात मोडतोय, मालक." (हे मात्र खरं आहे. एकदा स्वतः ब्रश घेऊन खिडकीची चौकट करून बघा, परत हिशेब काढणार नाही.)

यावर तोडगा सोपा आहे. सोफ्यामागची एकच भिंत रंगवायची, तीही गडद. १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस फूट. राहिलेल्या तीन भिंतींना हात लावायचा नाही. कालपर्यंत त्या कळकट होत्या, आजपासून त्या 'कॉन्ट्रास्ट' आहेत.

गावभागात किंवा नदीकडच्या एखाद्या गल्लीत राहत असाल, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. तुमच्याकडं डिझाइन कृष्णामाईनंच करून ठेवलंय. २००५, २०१९, २०२१, तीन-तीन पुरांच्या रेषा ज्या भिंतीवर आहेत, तिला आणखी टेक्श्चर कशाला पाहिजे? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ ची. त्या वरच्या फुटांनी किती घरांचे हॉल एकाच रंगात रंगवले, आणि तेही फुकट! तेव्हा ती रेषा खरवडत बसू नका. रेषेच्या खाली कॉफी रंग, वर बदामी, मधे लाकडी पट्टी. याला 'डबल टोन' म्हणतात. पुण्याचे पाहुणे विचारतील, "ही आयडिया कुणाची हो?" नदीच्या दिशेला नुसता हात करायचा.

शहाणी माणसं म्हणतात, भिजलेली भिंत आधी पुरती वाळू द्यावी. विटेच्या पोटात पाणी महिनोन् महिने राहतं. ते बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पांढरी भुकटी फुलते आणि रंगाचे पोपडे सुटतात. निदान एक उन्हाळा जाऊ द्यावा. बरोबर आहे. पण पूर ऑगस्टात येतो आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाडव्याला सासुरवाडीची माणसं येणार, आणि भिंत काय वाळत ठेवायची? तेव्हा मारा दोन हात. पोपडे सुटायला लागतील तोवर पाहुणे घरी पोचलेले असतात.

पोपडे झाकायला हल्ली विटांच्या डिझाइनचा फोमचा कागद मिळतो. मागचं चिकट बाजूचं पान सोललं की झालं. हा प्रकार मला फार आवडतो. मुळात आपली भिंत विटांचीच. तिच्यावर आपण गिलावा केला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले, हे सगळं वीट दिसू नये म्हणून. आणि आता त्या सगळ्यावर विटेचं चित्र. हा कागद पहिला पावसाळा बरा काढतो. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वरचा कोपरा सुटतो, आणि पहाटे अख्खी भिंत 'फर्रर्र' करत सोफ्यावर झोपलेल्या मामांच्या अंगावर येते. मामांना वाटतं, घर पडलं. त्यांना पाणी द्या आणि कागद सेलोटेपनं परत लावा.

बटणांचं एक सांगायचं राहिलं. पूर पाहिलेल्या घरांत इलेक्ट्रिकचे बोर्ड छातीच्या वर घेतलेले असतात. शहाणपणाचंच आहे ते. पण त्यामुळं चार्जिंगला लावलेला मोबाइल हॉलमध्ये वायरीला लोंबकळत असतो. तिथं मोत्याचं एखादं तोरण सोडा, म्हणजे मोबाइलही त्यातलाच वाटतो.

आता अँटिककडं या, कारण बजेटातल्या सजावटीचा आत्मा तिथं आहे. तुमच्या आजीकडं तांब्याचा बंब होता, घंगाळ होतं, पितळेचे डबे होते. गॅस आला, स्टील आलं, तसं ते सगळं किलोवर मोडीत गेलं. जरीच्या साड्या बोहारणीला दिल्या आणि त्यावर स्टीलचं एक पातेलं आलं. त्यासाठीही आईनं तिच्याशी पाऊण तास घासाघीस केली होती. आता तोच बंब दुकानात काचेमागं उभा आहे, आणि त्याची किंमत ऐकल्यावर खाली बसायला जे स्टूल देतात तेही विकायला असतं. तो घासून लख्ख केलेला असला तर स्वस्त, काळा पडलेला असला तर महाग, आणि पोचा आलेला असला तर बोलूच नका. आपल्या आया-आज्यांनी चिंच-मीठ लावून जन्मभर भांडी घासली, म्हणजे जन्मभर मालाची किंमत पाडली म्हणायची.

पण तुम्ही विकत कशाला घेता? गावाकडं आत्या असते की. पलूसला, तासगावला, कुठंतरी असतेच. रविवारी जायचं, चहा होऊ द्यायचा, आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं.

"आत्या, परसात तो बंब नुसता पडून असतोय, न्हाई?"

"पडून कुठला? पहाटं पाचला पेटतोय. तुझ्या मामांस्नी दुसरं पाणी चालत न्हाई."

"न्हाई, म्हटलं, आमच्या हॉलमधी ठेवला असता."

"हॉलमधी? बसून आंघूळ करताय काय रं?"

तुम्ही समजावता, की तसं नाही, त्यात सुकलेल्या गवताचे तुरे ठेवायचेत. आत्या बराच वेळ तुमच्याकडं बघते. भावाचं पोरगं शिकलं, शहरात गेलं, ते याच्यासाठी का, असा तिचा चेहरा. पण भाचा म्हणून तिला नाही म्हणवत नाही. "ने की बाबा. आधी तेवढा गिझर बसवून दे." मग गिझर, त्याची वायरिंग, आत्याचा मीटर जुना म्हणून तो बदलण्याचा खर्च, टेम्पोचं भाडं. एवढं सगळं करून जो बंब हॉलमध्ये येतो, त्याला तुम्ही पाहुण्यांना 'घरचाच आहे, फुकट' म्हणून दाखवता. यालाच बजेट डेकोरेशन म्हणतात.

जाता जाता, गोधडी भिंतीवर टांगायची टूम निघाली आहे, ती मात्र करू नका. गोधडी अंगावर घ्यायची असते. या एका बाबतीत माझ्याकडून विनोद होणार नाही.

कलेची जाण दाखवायची तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळं भिंतीवर मिरजेची सतार असणं हे आता संगीताचं नाही, प्रतिष्ठेचं काम झालं. वाजणारी घेऊ नका, महाग पडते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कारागिरांकडं भोपळे येतात. त्यातला एखादा चिरलेला भोपळा स्वस्तात मिळाला तर आणा, भोकं पाडा, आत बल्ब सोडा, झाला लॅम्प. पण हौस सतारीचीच असेल तर एखादी बिनतारांची, तुटक्या खुंट्यांची पैदा करा आणि उंच टांगा. उंच यासाठी, की पाहुणा सांगली-मिरजेचा असला तर तो नुसता बघत नाही. तो खाली काढून मांडीवर घेतो. खुंटी फिरवतो, तारांखालच्या पट्टीची जवारी तपासतो, आणि मग फार मऊ आवाजात विचारतो, "कोण वाजवतं?" अशा वेळी दिवंगत आजोबांचं नाव घ्यायचं. बनियनवरचे आजोबा आतून खोकणार नाहीत, एवढं बघा.

दिव्यांवर फार बोलण्यासारखं नाही. हॉलमध्ये ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावा, आणि एकच लावा. त्यात जळमटं दिसत नाहीत, पोपडे दिसत नाहीत, पाहुण्यांना पुढ्यातल्या भडंगात शेंगदाणे किती आहेत हेही दिसत नाही. ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब आतल्या खोलीत ठेवा. तिच्या उजेडात चांगला धडधाकट माणूस मिरजेच्या दवाखान्यात दाखवून आल्यासारखा दिसतो, पण आत घरचेच असतात.

झाडांवर एक रुपयाही घालवायचा नाही. मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो, हे शेजारच्या काकूंनाही मान्य आहे. म्हणून त्या कधी ओरडत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तो तुमच्याच गॅलरीतून नेलेला असतो. बाटलीतलं पाणी तेवढं दर आठवड्याला बदला. नाहीतर साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात, आणि तपासणीला आलेली आरोग्य खात्याची बाई थेट मधलं दार उघडून आत जाते. ती पाहुणी नसते, तिला अडवता येत नाही.

खोली मोठी दिसावी म्हणून आरसा लावा, असं सगळेच सांगतात. मारुती रोडला, हरभट रोडला हिंडलात तर परवडेल असा मिळेलही. खोली मोठी दिसते हे खोटं नाही. फक्त तो मधल्या दारासमोर येऊ देऊ नका. दार एवढंसं किलकिलं झालं तरी आतला कपड्यांचा ढीग, त्यावरचं शेंगांचं सूप आणि सुपापलीकडं बसलेले आजोबा, सगळं थेट पाहुण्यांच्या समोर. आणि आजोबा आरशातून नमस्कारही करतात.

राहता राहिला एकच धोका. चहा झाला, भडंग संपलं, हॉलचं कौतुक झालं, आणि पाहुणे पाय वर घेऊन म्हणाले, "उशीर झालाय, आज इथंच राहतो." याला हॉल पुरत नाही. आंथरुणं आत, पांघरुणं आत, न्हाणीघर आत. गडबडून जाऊ नका. जुलै-ऑगस्ट असेल तर खिडकीशी जायचं, मोबाइलकडं बघायचं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचं, "कोयनेतनं विसर्ग वाढवलाय म्हणे." कोल्हापूरचा पाहुणा याच्यापुढं चप्पल घालायलाही थांबत नाही. उन्हाळा असेल तर हे चालत नाही. तेव्हा "नळाला दोन दिवस पाणीच नाही बघा" म्हणायचं आणि रिकामी बादली हॉलमध्ये आणून ठेवायची. बादली मात्र चांगल्या रंगाची घ्या, सोफ्याला मॅच होईल अशी.