आर्थर व्हार्टन फुकट खेळला नाही

माझ्या भाच्याला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एका विस्मृत खेळाडूवर बोलायचे आहे. त्यासाठी त्याने माझ्यापुढे जो मजकूर ठेवला, तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर आजवर तीनदा येऊन गेला आहे. त्यातील दावे असे: आर्थर व्हार्टन हा जगातील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, त्याने 100 मीटर अंतर 10 सेकंदांत कापले आणि तो विक्रम 80 वर्षे टिकला, इंग्लंडमधील प्रेस्टन क्लबच्या अपराजित संघाचा तो गोलरक्षक होता, रंगामुळे त्याला आयुष्यभर एक पैसाही न देता खेळवले, आणि त्याची कबर आजही बेनाव आहे. यांतले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

सर्वांत हास्यास्पद दावा शर्यतीचा. 3 जुलै 1886 रोजी लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिजवर हौशी अॅथलेटिक्सच्या अजिंक्यपद स्पर्धेत व्हार्टन 10 सेकंदांत धावला हे खरे. पण ती शर्यत 100 यार्डांची होती. शंभर यार्ड म्हणजे 91.44 मीटर. उरलेले साडेआठ मीटर धावायला त्याला आणखी जवळजवळ एक सेकंद लागला असता, हे आठवीतल्या मुलानेही कागदावर मांडून पाहावे (माझ्या भाच्याने ते मांडले). 100 मीटर 10 सेकंदांच्या आत धावले गेले ते 1968 मध्ये, आणि त्या 80 वर्षांचा उगम बहुधा याच वजाबाकीत आहे. त्या काळी 100 यार्डांना 10 सेकंद ही मोठीच कामगिरी होती. 1887 मध्ये त्याने हे अजिंक्यपद राखलेही. मग यार्डांचे मीटर करण्याची गरज कोणाला पडली?

फुकट खेळवल्याचा दावा मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण व्हार्टनचे महत्त्व ज्या गोष्टीत आहे तीच तो पुसून टाकतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास जुलै 1885 मध्ये मान्यता दिली, आणि 1889 मध्ये रॉदरहॅम टाउनने व्हार्टनला व्यावसायिक खेळाडू म्हणून करारबद्ध केले. पुढे 1894 मध्ये तो शेफील्ड युनायटेडकडे गेला. तिथे अगडबंब विल्यम फोक गोलमध्ये असल्यामुळे त्याला फारशी संधी मिळाली नाही. तरीही इंग्लिश लीगच्या पहिल्या श्रेणीत तो उतरला, आणि 1902 मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीकडून खेळून निवृत्त झाला. चेंडू अडवणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. त्याला दयेचे पात्र बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसावे. त्याच्या रंगावरून त्या काळच्या एका नियतकालिकाने त्याची हिणकस टर उडवली होती, एवढे मात्र मी नाइलाजाने मान्य करतो.

तो गोलमध्ये काय काय करी, हे त्या मजकुरात कुठेच नाही. एका जुन्या प्रेक्षकाने कित्येक वर्षांनी वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, शेफील्डच्या मैदानावर व्हार्टनने उडी मारून आडवा दांडा धरला, चेंडू दोन्ही पायांत पकडला आणि अंगावर धावून आलेले तीन आक्रमक थेट जाळ्यात कोसळले. ही म्हाताऱ्या माणसाची आठवण आहे, म्हणून मी ती पुरावा मानत नाही. परंतु गोलरक्षकाला खांद्याने धक्का देऊन पाडणे तेव्हा नियमात बसत असे, हे ध्यानात घेता ती अशक्यही वाटत नाही.

प्रेस्टनबाबत तारखा पाहिल्या तरी पुरे. तो 1886-87 च्या एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या बाद फेरी पद्धतीच्या स्पर्धेत, प्रेस्टनकडून खेळला आणि संघ उपांत्य फेरीत वेस्ट ब्रॉमविचकडून हरला. अपराजित हंगाम 1888-89 चा. लीगच्या नोंदींनुसार तेव्हा गोलरक्षक होते जेम्स ट्रेनर आणि रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स. व्हार्टन धावण्याच्या शर्यतींसाठी संघ सोडून गेला होता. पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटूही तो नव्हे. कृष्णवर्णीय अँड्र्यू वॉटसनच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने इंग्लंडला 6-1 हरवले ते मार्च 1881 मध्ये. व्हार्टनच्या नावामागे ‘व्यावसायिक’ हा शब्द लावला, तरच ‘पहिला’ शोभतो.

राहिली कबर. खेळ सुटल्यावर तो यॉर्कशरमधील कोळशाच्या खाणीत राबला, 1930 मध्ये एडलिंग्टनला वारला आणि त्याच्या कबरीवर दगड नव्हता, इतपत मजकूर बरोबर आहे. परंतु 1997 मध्ये, वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या फुटबॉलप्रेमींच्या प्रयत्नांतून, तिथे नावासह दगड बसला, आणि 2014 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात त्याचा पुतळाही उभा राहिला.