वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत

आज सकाळी भाचीच्या कॉलेजचं परिपत्रक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. पुढच्या सत्रापासून दुचाकीला स्टिकर लागणार. स्टिकरचे वर्षाला पंधराशे. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना स्टिकर नाही. स्टिकर असलं म्हणजे जागा मिळेलच असं नाही. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’

म्हणजे पैसे तुम्ही घेणार, जागेची हमी देणार नाही, आणि गाडी चोरीला गेली तर आम्ही बघायचं. मग पंधराशे नक्की कशाचे? पांढरे पट्टे मारल्याचे?

ग्रुपवर लगेच हात जोडलेले इमोजी. ‘खूप छान निर्णय सर.’ अहो, छान काय आहे त्यात?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाची भोरची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बारावीनंतर आमच्याकडे पुण्यात धायरीला राहून बीएस्सी करतेय. कॉलेज डेक्कनच्या बाजूला. पहिल्या वर्षी बसनेच जायची. सकाळचं एक वेळ जमायचं. पण प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि त्या वेळच्या बसला दारात पाय ठेवायलाही जागा नसायची. एक सोडली, दुसरी सोडली, तिसरी स्टॉपवर थांबलीच नाही, असं करत पोरगी घरी यायची तेव्हा आमची जेवणं चाललेली असायची. गर्दीत काय काय सहन करावं लागतं ते बायकांना सांगायला नको. शेवटी दिवाळीत तिच्या वडिलांनी सेकंडहँड स्कूटर घेऊन दिली. हौस म्हणून नाही, रोज रात्री मला फोन करून ‘आली का?’ विचारायचा कंटाळा आला म्हणून.

आता ऐका. मागच्या सत्रात तिची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, होती. आतलं पार्किंग भरलेलं. वॉचमन म्हणाला, ‘ताई, फुल्ल आहे, बाहेर लावा.’ बाहेर गल्लीत पी-1, पी-2चे बोर्ड. आज सम तारीख की विषम, गाडी डावीकडे की उजवीकडे, हे गणित अस्सल पुणेकराला सुटत नाही, भोरच्या पोरीला काय सुटणार? लावली समोरच्या रांगेत, कारण तिथे आधीच दहा गाड्या होत्या. जिना चढेपर्यंत खाली ट्रॅफिकवाल्यांचा गाड्या उचलणारा टेम्पो आला आणि भोंग्यावर नंबर पुकारायला लागले. ती धावत खाली आली तर टेम्पोतल्या पोरांनी स्कूटर उचलून वर ठेवलेली. एका हातात हेल्मेट, काखेत जर्नल, आणि पोरगी टेम्पोच्या मागे चौकापर्यंत पळतेय. व्हायव्हाला तिचा नंबर निघून गेला. बाहेरून आलेल्या मॅडम भल्या होत्या म्हणून शेवटी घेतलं.

चुकीच्या बाजूला लावली ही तिची चूक, मान्य. पण ज्या मुलीकडे लायसन्स आहे, इन्शुरन्स आहे, डोक्यावर हेल्मेट आहे, तिनेच पळायचं का? त्याच वेळी आत, इमारतीला लागून, सावलीत, पत्र्याच्या शेडमध्ये स्टाफच्या चारचाकींसाठी राखीव जागा निम्मी रिकामी होती. तिने स्वतः पाहिली. एका चारचाकीच्या जागेत चार-पाच स्कूटर आरामात बसतात. सर-मॅडम लांबून येतात, ठीक आहे. मुलं काय शेजारच्या वाड्यातून येतात?

आणि पाच किलोमीटरची अट ज्यांनी काढली त्यांनी एकदा चार किलोमीटरवरून संध्याकाळच्या बसने येऊन दाखवावं. बुलेट घेऊन गल्लीतल्या गल्लीत फिरणारी टोळकी आहेत, मला दिसतात. पण त्यांच्यासाठी सगळ्यांना का झोडपता?

खरं तर माझा राग पार्किंगवर नाहीच. लिहिता लिहिता लक्षात येतंय. पार्किंग कितीही वाढवलं तरी पुरणार नाही, हे मलाही कळतं. प्रश्न बसचा आहे आणि बसबद्दल त्या परिपत्रकात एक ओळ नाही. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, तर त्या रस्त्यावर त्या वेळी जादा बस सोडा असं पत्र कॉलेजने कधी लिहिलंय का? पाच-सहा कॉलेजं एकाच रस्त्यावर, सगळी एकाच वेळी सुटतात. एखाद्याने प्रॅक्टिकलची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे केली तर आभाळ कोसळेल का?

आणखी एक. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना बसचा पास फुकट, खासगी शाळेतल्यांना 75 टक्के सवलत. चांगलीच गोष्ट आहे. पण ती पाचवी ते दहावीपर्यंत. दहावी झाली की ही सवलत संपली, विद्यार्थ्याचा महिन्याचा पास 750 रुपयांना. म्हणजे ज्या वयात पोरगं गाडीसाठी हटून बसतं, नेमकं त्याच वयात आपण त्याला बसमधून खाली उतरवतो! मग अकरावीतली मुलं लायसन्सशिवाय गाड्या उडवतात म्हणून ओरडायचं. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकांना 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हा कायदा 2019 सालापासून आहे. त्याने कुणाच्या क्लासबाहेरच्या गाड्या कमी झाल्यात?

मेट्रोचं नाव घ्याल, माहीत आहे. मार्च 2022 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच टप्प्यात गरवारे कॉलेज नावाचं स्टेशन होतं, विद्यार्थ्यांना भाड्यात 30 टक्के सवलत आहे, गाड्या स्वच्छ आहेत. मी स्वतः कौतुक करते. त्या व्हायव्हानंतर भाची घाबरून काही दिवस मेट्रोनेच गेली. धायरीहून स्वारगेटपर्यंत बस, मग जमिनीखाली उतरा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला आणि उलटे डेक्कनला या. स्वारगेटहून डेक्कन असं किती लांब आहे? आणि स्वारगेटपर्यंत यायला शेवटी तीच बस. पुन्हा स्कूटरवर आली बिचारी.

आता म्हणते एमएस्सी पुणे विद्यापीठात करायची. कर बाई. तिथे जागेचं दुःख नाही, 411 एकरांचं आवार आहे. दुःख वेगळं आहे. मुख्य गेटपाशी बसमधून उतरायचं आणि आपला विभाग येईपर्यंत चालायचं, उन्हात, बॅग घेऊन. झाडं आहेत म्हणून जीव वाचतो. 2017च्या अखेरीला तिथे भाड्याच्या सायकली आल्या होत्या, मोबाइलवर कुलूप उघडायच्या. काय सुंदर दिसायची मुलं त्यांच्यावरून जाताना! मला वाटलं, चला, सायकलींचं पुणे परत आलं. काही काळाने चाकं वाकलेल्या, सीट उपटलेल्या सायकली कोपऱ्यात दिसायला लागल्या आणि मग त्याही दिसेनाशा झाल्या. यात मुलांचाही दोष आहे, सगळा कंपन्यांचा नाही. पण एकदा फसलं म्हणून कायमचं सोडून द्यायचं? गेट ते विभाग अशी दर दहा मिनिटांनी छोटी गाडी फिरवायला काय लागतं? स्नेहसंमेलनाच्या मांडवांना पैसे निघतातच ना?

असो. चहा गार झाला.

शनिवारी पालकसभा आहे, मी जाणार आहे. स्टिकरचे पंधराशे द्यायला माझी ना नाही, पण पावतीवर ते कशाचे घेतले हे लिहून मागणार. आणि साडेपाचच्या जादा बससाठी अर्ज टाइप करून ठेवलाय, सह्या लागतील. डेक्कनकडच्या कुठल्याही कॉलेजात तुमची मुलं असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, नुसते अंगठे नकोत.

आणि ‘मग हॉस्टेलला का नाही ठेवत?’ अशी कमेंट कृपया कुणी करू नका. हॉस्टेलवर बोलायला लागले तर वेगळी पोस्ट होईल.