‘चांगली माणसं घ्या, बाकीच्यांना दंड करा’ म्हणणाऱ्यांना

मॅनेजर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतोय, सोबत मानसशास्त्रज्ञ कोलबर्गच्या सहा पायऱ्यांचं रंगीत चित्र: बरं-वाईट ठरवताना माणूस शिक्षेच्या भीतीपासून तत्त्वांपर्यंत कसा चढत जातो, त्याच्या या पायऱ्या. म्हणणं असं की संस्कार घरी होतात आणि नोकरीला लागेपर्यंत माणूस पक्का झालेला असतो. तेव्हा वरच्या पायरीची माणसं निवडून घ्या, खालच्यांना दंडाचा धाक ठेवा आणि मॅनेजरने आपलं टार्गेट बघावं. वाचायला झकास आहे. पण ज्याचं चित्र लावलंय, त्याचं संशोधनच याच्या विरोधात जातं.

‘माणूस पक्का होतो’ हेच आधी घेऊ. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८च्या आपल्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातल्या १० ते १६ वयाच्या ७२ मुलांना पेच घातले. त्यातला हाइन्झचा पेच सगळ्यांत गाजला: बायको कॅन्सरने मरणपंथाला लागलीय, औषधवाला अवाच्या सवा किंमत मागतोय, नवऱ्याने, म्हणजे हाइन्झने, औषध चोरावं का? पुढे यातल्या ५८ जणांचा वीसेक वर्षं पाठपुरावा झाला आणि निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. कायदा आणि व्यवस्था यांच्या अंगाने विचार करण्याची चौथी पायरी ही मुलं तिशीत आली तरी त्यांच्यात वाढतच होती. कायद्यामागचे हक्क आणि लोकहित तोलणाऱ्या पाचवीवर फार थोडे पोचले, तेही विशी ओलांडल्यावर. म्हणजे नोकरीची पहिली दहा वर्षं ही घडण्याचीच वर्षं. त्या काळात पोरगं रोज कुणाच्या हाताखाली असतं, ते ग्रुपवरच्या साहेबांना सांगायला नको.

आता ‘वरच्या पायरीची माणसं निवडा’. कशी निवडणार? हाइन्झने चोरी करावी की नाही, यातलं कुठलंही उत्तर कुठल्याही पायरीवरून देता येतं. कोलबर्ग उत्तरामागचं कारण ऐकत होते. सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या तत्त्वांची सहावी पायरी तर प्रत्यक्ष मुलाखतींमध्ये इतकी दुर्मिळ निघाली की त्यांच्या गटाने ती गुण देण्याच्या पद्धतीतूनच वगळली. सहाव्या पायरीचे उमेदवार शोधणाऱ्या एचआरला शुभेच्छा!

शिवाय पायरी माणसाला चिकटून राहतेच असं नाही. जेम्स वेबर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅनेजरांना हाइन्झचा पेच घातला आणि धंद्यातलेही पेच घातले. तीच माणसं धंद्यातल्या पेचावर खालच्या पायरीचा विचार करताना दिसली. घरी सज्जन असलेला माणूस ऑफिसच्या दारातून आत आला की ‘वरून आलंय’ म्हणून मोकळा होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

हा सिद्धांत मॅनेजरच्या कामाला येतो तो इथे, माणसं चाळायला नाही, त्यांचं ऐकायला. समजा क्वार्टर क्लोजिंगला मागची तारीख टाकून बिल काढायला सांगितलं आणि तिघांनी कां-कूं केलं. एक म्हणतो, ऑडिटला सापडलो तर? दुसरी म्हणते, टीमला काय वाटेल? तिसरा म्हणतो, हे पॉलिसीत बसत नाही. नकार एकच, पण पहिल्याचा ऑडिटची भीती संपताच संपेल, दुसरीचा ‘सगळे करतात’ हे कळताच विरघळेल आणि तिसऱ्याचा पॉलिसी बदलली की गळून पडेल. कुणाशी काय बोलायला हवं, हे या कारणांवरून कळतं. मोशे ब्लॅट आणि कोलबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गातल्या प्रयोगांत हेच दिसलं. पेचावर मोकळी चर्चा झाली आणि आपल्यापेक्षा एक पायरी वरचा युक्तिवाद कानावर पडला की बरीच मुलं सरकली. भाषणाची गरज पडली नाही. ऑफिसात हे करायचं तर साहेबांनी सगळ्यांत शेवटी बोलावं, नाहीतर चर्चा म्हणजे नुसतं माना डोलावणं.

दंडाबद्दल थोडक्यात. इस्रायलमधल्या हैफातल्या पाळणाघरांत मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. २०००मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास सांगतो की उशीर वाढला. लोकांनी दंडाला दर समजून टाकलं. दंड काढून घेतल्यावरही उशीर काही कमी झाला नाही.

‘मॅनेजरने टार्गेट बघावं’ हा मुद्दा मात्र सगळ्यांत घातक. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दर ग्राहकामागे आठ प्रॉडक्ट्स विकायचा आग्रह होता. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड बसला आणि सुमारे ५,३०० जणांना आधीच काढल्याचं उघड झालं. संस्कारांचाच दोष म्हणायचा, तर एकाच बँकेत पाच हजारांवर असंस्कारी माणसं जमली कशी? एथिक्स हॉटलाइनवर तक्रार केली तेव्हा आम्हालाच काढलं, असंही काही माजी कर्मचाऱ्यांनी सांगितलं. तिथे कुणी पाचव्या पायरीवर असता, तरी तो पुढच्या महिन्याचा हप्ता कशाने भरणार होता?

कोलबर्गमध्ये खोट नाही असं नाही. त्यांचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर होता, हा मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचा १९८२चा आक्षेप रास्तच आहे. आणि नीट विचार करता येणं म्हणजे नीट वागणं नव्हे. दोन्हींत नातं आहे, पण सैल. म्हणूनच टार्गेटकडे बोट दाखवतोय. पुढच्या रिव्ह्यूत आकडा जाहीर करण्याआधी मॅनेजरने एवढं विचारावं: गेल्या वर्षी हा आकडा सरळ मार्गाने गाठलेला एक तरी माणूस आपल्याकडे आहे का?