बेल्ट दिलाय, पण हूक अडकवू कशाला?

आमच्या सोलापूरच्या बांधकामवाल्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा येऊन पडला. "साइटवर मरतात ते स्वतःच्या चुकीनं. हेल्मेट-बेल्ट दिला तर लावत नाहीत. हे नियम मुंबई-पुण्याच्या टॉवरसाठी, आपल्या दोन मजली घरांना कशाला? उन्हाची त्यांना सवय असते. निम्मे पिऊन चढतात, आणि भरपाई मालकाच्या गळ्यात. वर सरकार पेट्या-भांडी फुकट वाटतंय." खाली टाळ्यांची रांग. मी अठरा वर्षं साइटवर सुपरवायझर आहे आणि टाळ्या देणाऱ्यांतल्या निम्म्यांबरोबर काम केलंय, म्हणून उत्तर देतोय.

बेल्ट लावत नाहीत, हे खरं आहे. जुळे सोलापुरातल्या एका साइटवर मीही एका गवंड्यावर ओरडलो होतो. तिसऱ्या मजल्याचा बाहेरचा गिलावा चालू होता. गडी परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, बेल्ट कमरेला, हूक मागं लोंबतोय. तो शांतपणे म्हणाला, "लावतो की ओ साहेब, पण अडकवू कशाला?" मी नीट पाहिलं. बांबू सुतळीनं बांधलेले, पायाखाली दोनच फळ्या, कठड्याचा पत्ता नाही. हूक त्या बांबूला अडकवला असता तर बांबूसकट खाली आला असता. परांची माझ्या देखरेखीखाली बांधली होती.

बेल्ट ही शेवटची गोष्ट आहे. आधी फळ्या सलग हव्यात, बाहेरच्या बाजूला कठडा हवा, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) आणि लिफ्टच्या खड्ड्यावर झाकण हवं. कठडा लावायला कामगाराला आठवण करून द्यावी लागत नाही, दिवसभर तो तिथंच असतो. त्यानंतर बेल्ट, आणि तोही नुसता कमरेचा नको. पडताना सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. खांद्या-मांड्यांतून जाणारा, आयएस 3521 या भारतीय मानकाचा पूर्ण हार्नेस लागतो. त्याची दोरी बांधायला बीममध्ये अँकर, म्हणजे पक्की कडी, सोडायची, तर ती स्लॅब भरण्याआधी इंजिनिअरकडून ठरवून घ्यावी लागते. गिलाव्याच्या दिवशी बेल्ट वाटून काय होणार? हेल्मेटचंही तसंच. ते वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे, उंचावरून पडणाऱ्या माणसाला ते फारसं वाचवत नाही. हनुवटीचा पट्टा तुटलेलं हेल्मेट वाकलं की डोळ्यांवर येतं. मग गडी ते काढून गोणीवर ठेवतो आणि आपण त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

आता दोन मजली घरांचं. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो, ताशी साधारण 28 किलोमीटरच्या वेगानं. खाली सळ्यांची टोकं उघडी असतील तर दहा फूटसुद्धा लागत नाहीत.

आणि स्लॅब? पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला जवळपास 30 किलो. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे 29-30 टन ओला माल, त्यावर माणसं, घमेली, व्हायब्रेटर. हे सगळं सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याखालच्या, टेकूंवर. टेकू कशावर? परवाच्या पावसानं भुसभुशीत झालेल्या भरावावर ठेवलेल्या विटेवर. आडव्या-तिरक्या पट्ट्या नाहीत, कारण "छोटंच काम आहे". टेकू काढायचीही घाई. काँक्रीटच्या आयएस 456 मानकानुसार स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस ठेवायचे, त्याहून जास्त असेल तर चौदा. पण सेंट्रिंगवाल्याला साच्याच्या लोखंडी प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात. टॉवरवर निदान एखादा सेफ्टी ऑफिसर फिरतो. दोन मजली घरावर असतात मुकादम, मालकाचा मेहुणा आणि देव.

आपल्याकडची काळी माती हा तर वेगळाच विषय. सुकली की भेगाळते, भिजली की फुगते. ड्रेनेजसाठी पुरुषभर खोल चर खणायचा आणि निघालेली माती काठावरच रचायची, ही आपली रीत. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस ओरडूही शकत नाही. माती काठापासून लांब टाकायला आणि चराला फळ्यांचा आधार द्यायला टॉवर लागत नाही.

उन्हाची सवय असते म्हणे. सवय लागायला एक-दोन आठवडे जातात, आणि गावाकडून नुकताच आलेला बिगारी पहिल्याच दिवशी 42 अंशांत लोखंडी प्लेटांवर चढतो. घेरी आली की तो उन्हानं पडला असं कुणी लिहीत नाही, "तोल गेला" असं लिहितात. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर सुरू करून दुपारी बारा ते चार काम बंद ठेवलं तर स्लॅबचं काहीही बिघडत नाही. कडक उन्हात काँक्रीट ओतू नये, हे तर आपण काँक्रीटच्या काळजीपोटी पाळतोच की!

दारूबद्दल थोडक्यात. पिऊन आलेल्याला वर चढू देऊ नये, हे सांगायला मेसेज कशाला हवा? हजेरी मुकादमच घेतो. पण "प्यायला होता" म्हणून भरपाई टळते, हा समज काढून टाका. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात ही सबब काही इजांपुरतीच होती. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती चालत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. आणि माणूस ठेकेदाराचा म्हणून बिल्डरही सुटत नाही.

राहिल्या त्या सरकारी पेट्या-भांडी. त्या उपकाराच्या नाहीत, उपकराच्या आहेत. 1996 च्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर लावला. दोन कोटींच्या इमारतीमागे दोन लाख. त्यातून बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ चालतं, पेट्या तेच वाटतं. मंडळाकडे नोंदलेला कामगार कामावर असताना मरण पावला तर वारसांना 5 लाख मिळतात. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देताना आपले हात थरथरतात, कारण सही केली की हा माणूस माझ्याकडे होता हे कागदावर येतं.

तो गिलाव्याचा गवंडी दाखल्यासाठी माझ्याकडे दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी म्हणालो, मालकांची सही राहिलीय, उद्या ये. तिसऱ्यांदा तो आला नाही.