एका एक्सटेंशन बोर्डाची समुद्रसफर

जहाजाने बंदर सोडलं तेव्हा मी दुसऱ्या डेकवरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत उभी होते, आणि हातमोजे घातलेला एक तरुण माझ्या बॅगेतून माझ्या नवऱ्याचे मोजे एकेक करून स्टीलच्या टेबलावर मांडत होता. वर बाराव्या डेकवर बँड वाजत होता. लोक कठड्याला रेलून किनाऱ्याला हात हलवत होते. ज्या अर्ध्या तासासाठी माणूस क्रूझचे पैसे मोजतो, त्या अर्ध्या तासातली फक्त थरथर माझ्या वाट्याला आली. तीही पायाखालून.

हे सगळं एका एक्सटेंशन बोर्डापायी. आणि बोर्ड त्या बॅगेत गेला तो एका काकांपायी.

पण मुळात बंदराला पोचणं हेच एक प्रकरण असतं. क्रूझच्या जाहिरातीत शहर एक आणि बंदर भलतंच. ‘रोमहून’ निघणारं जहाज खरं तर चिव्हितावेक्कियाहून निघतं. रोमपासून ७०-८० किलोमीटर. ‘लंडन’ म्हणजे साउदॅम्प्टन. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ला तर समुद्रच नाही, तरी तिथून जहाज सुटतं म्हणे! ते सुटतं वार्नेम्युंडेहून, बर्लिनपासून अडीच-तीन तासांवर. पत्रिकेत एक गाव छापायचं आणि मांडव दुसऱ्याच गावी घालायचा, त्यातला प्रकार. म्हणून तिकिटावरचं शहर वाचू नये, टर्मिनलचा पत्ता वाचावा. एकाच बंदरात चार-चार टर्मिनल असतात आणि टॅक्सीवाला हमखास आधी पहिल्यावर नेतो. आणि एक दिवस आधी पोचावं. विमान चुकलं तर पुढचं मिळतं. जहाज पुढच्या बंदरात गाठावं लागतं, तेही स्वखर्चाने. सहा वाजता सुटणारं जहाज सहा वाजता सुटतं हे खरं, पण चेक-इन त्याआधी तास-दीड तास बंद होतं, कारण प्रवाशांची पक्की यादी अधिकाऱ्यांकडे आधी जावी लागते.

आम्हाला बारा ते साडेबाराची वेळ दिली होती. इतरांनाही काही ना काही वेळा दिल्या असणार, पण सगळे साडेदहालाच आले होते. आम्हीही. दुसऱ्यांना नावं ठेवायला मी पण रांगेतच होते.

टर्मिनलच्या दारातच मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात द्यायच्या असतात. त्यांना लावायचे टॅग घरूनच छापून आणायचे, चार घड्या घालायच्या, मुठीला गुंडाळून पिना मारायच्या. विमानाचे जुने टॅग आधी काढून टाकायचे, नाहीतर बॅग कुठली हे तिचं तिलाच कळत नाही. मी गुडघ्यावर बॅग आडवी घेऊन पिन मारत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“पहिलीच वेळ ना?”

वळून बघितलं. साठीच्या पुढचे एक काका. पांढरी टोपी, गळ्यात जहाजाचं कार्ड अडकवायची दोरी. कार्ड अजून मिळायचं होतं, दोरी मात्र स्वतःची होती. शेजारी काकू, हातात पर्स, नजर आभाळात.

“कशावरून?”

“पिन उभी मारलीत. पट्ट्यावर बॅग सरकताना अडकते आणि टॅग फाटतो. आडवी मारायची, वरून चिकटपट्टी. आणि केबिनचा नंबर लिहिलेली एक चिठ्ठी बॅगेच्या आत. माझी ही अकरावी क्रूझ.”

सल्ला बरोबर होता. हीच तर खरी गोची. साफ चुकीचं बोलणाऱ्या माणसापासून आपण सावध राहतो. काकांची पहिली चार वाक्यं बरोबर निघाली आणि मी गाफील झाले.

त्यांची स्वतःची बॅग पिवळ्या नायलॉनच्या दोरीने आडवी-उभी बांधलेली होती. चारही बाजूंना ऑइल पेंटने नाव. बॅग चोरीला गेली असती तर चोरालाच त्या नावाने राहावं लागलं असतं.

“हातातल्या बॅगेत काय काय घेतलंत?”

“पासपोर्ट, औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड.”

“पोहण्याचे कपडे?”

“ते मोठ्या बॅगेत.”

“झालं! मोठी बॅग संध्याकाळी येणार. कधी रात्रीचे आठ. केबिनसुद्धा दीड-दोनशिवाय उघडत नाहीत. तोवर लोक तरण तलावात आणि तुम्ही पँट-शर्टातल्या नवऱ्याशेजारी खुर्चीत.” मग त्यांना माझ्या पिशवीतून डोकावणारी वायर दिसली. “आणि हे?”

“एक्सटेंशन बोर्ड. केबिनमध्ये प्लग कमी असतात म्हणे.”

“दोन! त्यातला एक आरशाखाली, तिथे फोन ठेवायला जागा नाही.”

“मग न्यावा ना?”

“न्यावा म्हणजे? नेलाच पाहिजे. पण हातात?” त्यांनी आवाज खाली आणला. “अहो ताई, आत स्कॅनरवर तुमच्या डोळ्यांदेखत काढून घेतील. मोठ्या बॅगेत टाका. कपड्यांच्या मधोमध. तीन हजार प्रवासी, माणशी दोन धरल्या तरी सहा हजार बॅगा. कोण बघतोय?”

“तुम्ही आणलाय?”

“दर वेळी आणतो. दहा सफरी झाल्या, बोर्ड अजून तोच आहे.”

नवरा म्हणाला, राहू दे. मी फुटपाथवर बॅग उघडली. काकूंनी एवढ्या वेळात पहिल्यांदा आभाळावरची नजर काढली, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा नजर आभाळाला लावली. त्या नजरेचा अर्थ मला सात दिवसांनी कळला.

आता, कोण बघतोय याचं उत्तर. सगळे बघतात. प्रत्येक बॅग एक्स-रेमधून जाते. इस्त्री, किटली, मेणबत्ती, बोर्ड असं काही दिसलं की बॅग बाजूला. त्यामागे कारणही आहे, आणि ते मला त्या मोजेवाल्या तरुणाने समजावून सांगितलं. घरी दोन तारांपैकी एकीतच दाब असतो, दुसरी न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली. पुष्कळ जहाजांवर तसं नसतं. तिथे जमीन म्हणजे जहाजाचा पोलादी सांगाडा, आणि दोन्ही तारा त्यापासून अलग ठेवलेल्या. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डात दाब वाढला की वीज जमिनीकडे वळवणारा भाग असतो. जहाजावर दुसरीकडे कुठे तार सांगाड्याला टेकली, तर तो भाग इकडे तापत राहतो आणि पेट घेऊ शकतो. समुद्रात आग लागली तर पळणार कुठे? पटलं. शंभर टक्के पटलं.

न पटलेलं वेगळंच आहे. पंधरा-सोळा डेकचं जहाज बांधता, त्यावर घसरगुंड्या लावता, भिंत चढायला भिंत उभी करता, मग आरशाखालच्या प्लगशेजारी तिसरा प्लग बसवायला काय होतं? आणि बंदीची यादी तिकिटाबरोबरच्या अटींत इतक्या खोलवर पुरायची की तिथवर पोचेपर्यंत माणूस परत बंदराला लागावा? नियम पाळायला आमची ना नाही. तो निदान टॅगच्या कागदावर छापा. तिथे अर्धं पान समुद्राच्या फोटोला देता.

असो. चढल्यावर काकांचं भविष्य खरं ठरलं: केबिन बंद, लोक पोहतायत, आम्ही खुर्चीत. मग मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम. आता पुष्कळ जहाजांवर ते सोपं झालंय: केबिनमधल्या टीव्हीवर किंवा फोनवर माहिती बघायची, आपल्या मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करायचं, सुटलो. लोक कंटाळा करतात. करू नये. १३ जानेवारी २०१२ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५पासून ती गेली. आता ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे धोक्याची सूचना, एवढं पाठ करून ठेवावं. काकांनी ते तोंडाने वाजवून दाखवलं, लिफ्टमध्ये. दोन माणसं घाबरून चुकीच्या मजल्यावर उतरली.

सुटायला वीस मिनिटं असताना केबिनबाहेर बघितलं. सगळ्या दारांपुढे बॅगा, आमच्या दारापुढे फक्त एक चिठ्ठी. दुसऱ्या डेकवर या, ओळखपत्र आणा. नवरा म्हणाला, “बोर्ड तुझा.” बरोबर होतं त्याचं. वर गेला तो.

खाली आठ-दहा जण आधीच होते, सगळे एकमेकांची नजर चुकवत. माझा नंबर आला आणि जहाज हललं. बाजूला ढकलणारे थ्रस्टर सुरू झाले की सगळ्यात खालच्या डेकांना हुडहुडी भरते; टेबलावरचे मोजे थरथरत होते. वर त्या वेळी दोरखंड सुटले असणार, किनारा सरकला असणार, थोड्या वेळाने जहाजाला बंदराबाहेरची वाट दाखवणारा पायलट शिडीवरून उतरून चालत्या होडीत गेला असणार. असणार. मी पावतीवर सही करत होते. बोर्ड शेवटच्या दिवशी परत मिळेल असं तिच्यावर लिहिलं होतं.

धावत वर गेले तोवर चहूकडे पाणी.

“ताई, होतात कुठे? काय दृश्य होतं!” काकांनी फोन पुढे केला. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. त्यातली चार मिनिटं त्यांचा अंगठा.

पुढचे सात दिवस आरशाखालचा प्लग, फोन वॉश बेसिनच्या काठावर. शेवटच्या दिवशी पावती घेऊन खाली गेले. रांग जिन्यापर्यंत आली होती, आणि अगदी पुढे, पांढरी टोपी. काउंटरवरून त्यांनी आधी एक इस्त्री घेतली, मग एक बोर्ड. तोच. जुना, पिवळी दोरी गुंडाळलेला.

“काका! तुमचाही घेतला?”

“दर वेळी घेतात.” त्यांनी बोर्ड काखेत मारला. “पण परत देतात हो. एकदाही हरवला नाही.”

मागे काकू उभ्या होत्या. छताकडे बघत.

माझ्या पुढे अजून चाळीस माणसं होती आणि उतरायला आमच्या गटाचा नंबर पुकारला गेला. पावती अजून पर्समध्ये आहे.